सदतीस कॅरेट

वॉटर पार्कला फोन करून झाला.
माणशी सातशे, आणि तीन फुटांवरचं प्रत्येक मूल
त्यांच्या हिशेबात माणूसच.
तन्वेशला दाराच्या चौकटीशी उभं केलं:
तीन फूट एक इंच.
त्या एका इंचाचे सातशे.

तलावाची सकाळची बॅच फुल्ल.
दुपारची होती, पण दुपारी
फरशीवरून पाण्यापर्यंत पोचायलाच चपला लागतात.
रामकुंडावर कुणीतरी वारल्यावरच जायचं असतं,
असं धाकट्या कृपाचं ठाम मत.
गंगापूर धरणाला ह्यांचा नकार.
"तिथला गाळ पाय सोडत नाही."
बारा वर्षांच्या संसारात एवढंच वाक्य.
पुढचं कधी आलं नाही.

मग एप्रिलच्या शेवटच्या रविवारी
पाथर्डी फाट्याच्या आमच्या बिल्डिंगखाली
कातकाडे भाऊंचा पिकअप रिकामा झाला:
सदतीस कॅरेट.
(क्रेट म्हणायचं असतं, माहितेय.
पण द्राक्षवाल्यासमोर म्हणून बघा.)
हंगाम सरला की शेडमध्ये
एकमेकांच्या डोक्यावर बसून उन्हाळा काढतात बिचारी.
तळाशी वाळके देठ, एक चुकार मणी
सुकून आपोआप मनुका झालेला.
कुणी काही बोलायच्या आत
तन्वेशनं तो खाल्ला.

दोन मोटारी उन्हात काढल्या.
अठरा खाली, अठरा वर, गोल रिंगण,
एक उरलं ते बाजूला.
आत निळी ताडपत्री, बाहेरून प्लॅस्टिकची सुतळी,
आणि बोअरचा पाइप.
दुसऱ्या मजल्यावरून सेक्रेटरी तीनदा:
"मीटर कुणाचा?"

घोटाभर झालं. पोटरीभर.
आणि पूर्वेची बाजू फुगायला लागली,
गाभण म्हशीसारखी, सावकाश, निश्चयानं.
धरा, धरा!
चार बाप पाठ लावून उभे राहिले,
त्यात एक वकील, आणि सगळ्यात आधी धावलेले हे.

वॉचमनची मंजुळा जिन्याखालून बघत होती.
"ती दोरी घसरती," म्हणाली. "लुगडं द्या कोनाचं तरी."
मी माझी सुती साडी आणली, पडद्यासाठी ठेवलेली.
तिनं ती रिंगणाच्या कमरेला दोनदा फिरवली,
गाठ मारली, गुडघा लावून आवळली.
म्हैस बसली.

"हे कॅरेट वळखीचे हायेत," ती म्हणाली.
"आमी पेठहून येतो ना दिंडोरीला, खुड्याला.
भरलं का वीस किलो. डोक्यावर.
मनी खायचा नाय, मुकादम बघतो."
उरलेलं सदतिसावं तिनं पालथं घातलं,
त्यावर बसली,
आणि कुणाला न विचारता
दोन्ही पाय पाण्यात सोडले.

चार वाजता भाऊंनी ब्लोअर आणला.
शोरूममधला, कोरा, औषधाचा थेंब न शिवलेला.
तरी मी टाकीत डोकं घालून वास घेतला.
आई आहे मी.
बागेवर मारतात तसा धुरकट फवारा सुटला,
आणि सोळा पोरं त्यात नाहीशी झाली.
फक्त किंचाळ्या उरल्या.
धुकं विरलं तेव्हा सतरावा आत होता,
पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला सेक्रेटरी.
मीटरचं कुणी काढलं नाही.

संध्याकाळी पाण्याचा चहा झाला होता.
त्यात एक हेअरक्लिप, एक दात
(कृपाचा, हलतच होता),
आणि वकिलांचं घड्याळ, चालू.
बादल्या हातोहात फिरल्या:
कढीपत्ता, जास्वंद, गेटजवळचा आंबा,
मग जिना, मग दोन्ही मोटारी.

रात्री लाइट गेले म्हणून गच्चीवर झोपलो.
ह्यांनी बनियन काढलं तेव्हा
चंद्राच्या उजेडात पाठभर जाळी दिसली,
चौकोन, चौकोन, चौकोन,
दिवसभर पाणी अडवल्याचा ठसा.
मी एकेका चौकोनावरून बोट फिरवलं.

बराच वेळ गेला.
मग आकाशाकडे बघत म्हणाले,
"आम्ही चौघे होतो. दहावीचा पेपर संपला होता."